शेवटचं पान

आमच्या वाचनालयात तेव्हा एका रहस्यकादंबरीवरून रोज वाद व्हायचा. नदीकाठी एका माणसाचे कपडे सापडतात आणि कादंबरी संपली तरी खुनी काही कळत नाही. आमचे मास्तर म्हणायचे भाऊबंदांनी मारला, वकीलसाहेब म्हणायचे बायकोनं. मी मास्तरांच्या बाजूचा.

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-कुंकवाचं दुकान असलेला एक माणूस दर सोमवारी पुस्तक बदलायला यायचा. तीच कादंबरी तो पुन्हा पुन्हा न्यायचा आणि पानांवर त्याची गुलाबी बोटं उठलेली असायची. एकदा मी विचारलं, तुमच्या मते कोणी मारला?

त्यानं बोटं धोतराला पुसली.

"मारलाय कशावरनं, पावणं? मढं कुठं घावलंय?"

वकीलसाहेब हसले. खूनच नाही तर मग रहस्य कसलं, म्हणाले.

"आमचा थोरला भाऊ असाच काठावर कापडं ठेवून गेलाय. वैनी अजून कुंकू लावत्यात. माझ्याच दुकानातलं."

त्या दिवशी मी कादंबरी घरी नेऊन परत वाचली. खुनी राहिला बाजूला, तो माणूस मेला की नाही हेच मला कळेना. शेवटचं पान तर इतकं गुलाबी झालं होतं, की अक्षरं नीट लागत नव्हती.