सुभद्राकाकीचा वळसा

वायरेखोलच्या दत्ताराम मिराशींना डॉक्टरने चालायला सांगितलं आणि धावायला लागली त्यांची बायको. हे कसं झालं म्हणून कोणी विचारलं तर सुभद्राकाकी अजूनही फणकाऱ्यानेच सांगते. मालवणच्या डॉक्टरने रक्तातली साखर बघून दत्तारामांना दम दिला, रोज सकाळी चाला, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. दत्ताराम इमानदारीत निघायचे, वडाच्या वळणावरच्या हॉटेलात बसायचे, भजीपाव हाणायचे आणि घाम पुसत घरी यायचे. महिन्याने साखर आणखी वाढली तेव्हा काकीला वास आला. दुसऱ्या दिवसापासून ती पाळतीवर म्हणून नवऱ्याच्या मागून चालू लागली. बायको मागे आहे म्हणून ते पाय उचलायचे, ते पाय उचलतात म्हणून ही उचलायची. आठवडाभरात दत्तारामांचे गुडघे धरले आणि ते ओसरीवर बसले ते बसलेच. काकीचे पाय मात्र उजाडलं की आपसूक चपला शोधायला लागले.

आधी ती नुसती चालायची. मग उतारावर धावायला लागली, कारण उतारावर धावायला काही लागत नाही, असं तिचं म्हणणं. मग सपाटीवर, आणि एक दिवस चढावरही. साठी उलटलेली, अंबाडा घातलेली बाई पंजाबी ड्रेस घालून रस्त्याने धावतेय म्हटल्यावर पहिल्या दिवशी तीन घरांतून माणसं बाहेर आली, कोण गेलं म्हणून विचारायला. एकाने ओरडून विचारलं, "काकी, गाय सुटली काय गो?" आणि उत्तराची वाट न बघता तो बिचारा दांडा घेऊन तिच्याबरोबर पार पाणंदीपर्यंत धावला. कोल्हापुरात दिलेली लेक सारिका, तिने हे ऐकलं आणि आईला बूट पाठवले. वर ऑनलाइन नाव घालून टाकलं मालवणच्या हाफ मॅरेथॉनमध्ये. एकवीस किलोमीटर. काकीने कोल्हापूरला फोन लावून लेकीला शिव्या घातल्या आणि बूट पायात घातले.

पहिल्या वर्षी काकी पोचली तेव्हा मांडव उतरवत होते. कमान सोडणाऱ्या माणसाने तिच्याकडे बघितलंदेखील नाही, म्हणाला, "मावशी, जरा ही दोरी धरा." तिने धरली. दुसऱ्या वर्षी मांडव होता, पण वेळ संपल्याची घंटा नुकतीच झाली होती. घंटेच्या आत पोचेल त्यालाच मेडल, हा नियम. मेडलच्या मागे धावणाऱ्याचं नाव कोरून देतात. काकीचं नाव कोरलेलं मेडल तिथे टेबलावर होतं, तिने डोळ्यांनी बघितलं, आणि ते परत पेटीत गेलं.

आता कोणी म्हणेल, त्या पत्र्याच्या तुकड्याचं एवढं काय? तर त्याने एकदा मिराश्यांच्या घरात येऊन बघावं. घर मानकऱ्यांचं. जत्रेचा पहिला नारळ यांचा, होळीची पहिली पेटती चूड यांची, गावपळणीनंतर गावात पहिलं पाऊल यांचं. या पहिल्या पावलापायी दत्ताराम आणि त्यांचा चुलतभाऊ भाई वर्षानुवर्षं कुडाळच्या कोर्टात भांडले. निकाल दत्तारामांच्या बाजूने लागला आणि त्या निकालाची फ्रेम करून त्यांनी देवघराशेजारी खिळ्याला टांगली. भाई तेव्हापासून एकच गोष्ट करतो, दत्तारामांची चूक कधी होते ते बघत बसतो. आणि या सगळ्या मानामध्ये काकीच्या वाट्याला काय? मान दत्तारामांचा, नारळ खवायचा काकीने. तिच्या नावाची म्हणावी अशी एक वस्तू त्या घरात नव्हती. म्हणून तिला ते मेडल पाहिजे होतं, आणि ते मिळालं नाही तर आपला जन्म असाच खोबरं खवण्यात गेला असं तिला ठाम वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिने कंबर कसली. या खेपेला घंटेच्या आत पोचणार हे तिच्या पायांना कळत होतं. आणि नेमका तेव्हाच देवाने कौल दिला. गावपळण! तीन दिवस सगळं गाव बाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कोणी म्हणून मागे राहायचं नाही. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं आणि देवचाराचं, त्या राखणदार भुताचं. देवाने परत बोलावल्याचा कौल दिला की मगच आत पाऊल. हमरस्ता गावातून जातो, त्यावरून परगावची वाहनं, माणसं जायची ती जातात, त्यांना कोण अडवणार? पण गावच्या माणसाचा पाय आत पडता कामा नये. आणि तिसरा दिवस म्हणजे बरोब्बर मॅरेथॉनचा रविवार, आणि मॅरेथॉनची वाट मालवणातून सुटून वायरेखोलच्या मधून जाऊन पुन्हा मालवणला!

झोपडीत चूल पेटवता पेटवता काकीने तोंड सोडलं. "देवाक सांगा, एक दिस पुढे घे म्हणान."

"देव काय तुझ्या शर्यतीचो सेक्रेटरी आसा?" दत्ताराम म्हणाले. "नियम तो नियम."

"मगे आयका. मी वेशीर थांबूचंय नाय."

पलीकडच्या झोपडीत भाई पेज पीत होता, त्याने वाटी खाली ठेवली आणि कान टवकारले. मानकऱ्याच्या बायकोनेच नियम मोडला तर मान कोणाचा, हे त्याला कोर्टाने सांगायला नको होतं.

रविवार उजाडला. त्याआधी, काळोखातच, मॅरेथॉनवाल्यांची दोन पोरं गाडीने गावात शिरली होती आणि शाळेसमोर रस्त्यावर एक रबरी पट्टी टाकून गेली होती. तिच्यावरून धावणारा गेला की पीं असा आवाज होतो आणि छातीवरच्या नंबरातल्या चिपवरून कॉम्प्युटरला कळतं, हा माणूस इथून गेला. पोरांनी खरं म्हणजे तिथेच बसायचं होतं. पण येताना चहा घेतला तिथे कोणीतरी त्यांना देवचाराची गोष्ट सांगितली होती. कुलूप लावलेली घरं, एक कुत्रं भुंकत नाही, आणि त्यात माडावरून एक झावळ खाली पडली. पट्टी आणि तिची बॅटरीवाली पेटी जागच्या जागी सोडून पोरांनी गाडी पिटाळली ती थेट मालवणात.

काकी वेशीजवळ आली तेव्हा मस्त धावत होती. समोर बघते तो सगळं गाव रस्त्याच्या दुतर्फा. तीन दिवस बसून कंटाळलेली माणसं, त्यांना ही फुकटची करमणूक. वेशीच्या धोंड्यापाशी हातात काठी घेऊन दत्ताराम उभे, चेहरा पांढराफटक. त्यांच्या मागे भाई.

"बघया तर," भाई म्हणाला, "आज कोणाचो मान ऱ्हवता तो."

परगावचे धावणारे तिच्या बाजूने भराभर आत गेले. तरुण मुलं ओरडली, "काकी, जा गो! आमी डोळे मिटतो!" आणि खरंच मिटले. काकीने पाय उचलला. धोंड्याच्या पुढे टाकायचा तेवढा बाकी होता. मग तिने दत्तारामांकडे बघितलं. ते ओरडले नाहीत, काठी आडवी धरली नाही, नुसते बघत राहिले. पस्तीस वर्षांत या माणसाने तिच्याकडे कशासाठी हात पसरला नव्हता, आणि आता डोळ्यांनी पसरला होता. काकीचा असा संताप झाला की तिला रडू फुटलं. पाय तिने मागे घेतला.

"मेल्यांनो, बघतास काय?" ती किंचाळली. "वाट दाखवा!"

"खंयची?" दत्तारामांना काही सुचेना.

"गावाभायेरची! वेशीचे धोंडे तुमका म्हायत. माका भायेरसून त्या टोकाक न्हेवा. चला, पाय उचला!"

दत्तारामांनी काठी टाकली, लुंगी खोचली आणि धावले. हो, धावले! डॉक्टरचं ऐकलं नाही, बायकोचं ऐकलं नाही, ते पाय शेताच्या मेरेवरून धपाधप पडायला लागले. मागे काकी. काकीच्या मागे भाई, कारण हिचा पाय हद्दीच्या आत पडला तर बघायला कोणीतरी हवं. भाईच्या मागे अर्धं गाव, गावामागे कुत्री, आणि कोणीतरी गडबडीत काखेतला कोंबडाही खाली ठेवायला विसरलेला. मेरेवरून काजूच्या बागेत, बागेतून वहाळावरच्या साकवावर. साकव एवढी माणसं बघून कुरकुरला. दत्ताराम प्रत्येक धोंड्यापाशी धापा टाकत ओरडायचे, "हयसून! उजवीकडे जाव नको, ती हद्द!"

काजूच्या बागेपलीकडे भाई थांबला. "हद्दीचो धोंडो ह्यो न्हय. तो वरचो!"

"वरचो तुझ्या बापसान आणून ठेवल्यान!"

"माझ्या बापसाचा नाव काढू नको हां!"

झालं, दोघे चुलतभाऊ तिथेच कमरेवर हात ठेवून उभे. काकीने कपाळावर हात मारला. "तुमी भांडा, मी चलले," म्हणाली, आणि दोन धोंड्यांपैकी जो लांबचा, त्याच्याही बाहेरून वळसा घालून निघाली. आता दोघांपैकी कोणालाच बोलायला जागा राहिली नाही.

हमरस्त्याला ती लागली तेव्हा चिखलाने बूट जड झाले होते, ड्रेसला कुसळं. बरोबरचे केव्हाच पुढे गेलेले. तिथून मालवणपर्यंत ती कशी धावली ते तिला आठवत नाही. रागावर धावली म्हणते. कमानीखालून आत शिरली आणि मग घंटा झाली. मग! काकीने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

टेबलापाशी विनीत नावाचा आयोजकांचा मुलगा कॉम्प्युटर घेऊन बसला होता. गरीब स्वभावाचा, बोलायला मऊ. त्याने दोनदा तपासलं.

"काकी, वेळेत आहात तुम्ही. पण वायरेखोलच्या पट्टीवर तुमची नोंदच नाही. म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका, शॉर्टकट घेतल्यासारखं दिसतंय."

शॉर्टकट! काकीच्या तोंडात आलेलं सगळं बोलली असती तर विनीत मालवण सोडून गेला असता.

"नियम आहे हो," विनीत म्हणाला. "सगळे पॉइंट झाले पाहिजेत."

"नियम तो नियम," काकी म्हणाली. हे वाक्य तिला घरचंच होतं. त्याने दिलेलं केळं तिने घेतलं, रिक्षात बसली आणि वेशीपर्यंत रडत आली. झोपडीत शिरली ती नंबरसुद्धा न काढता भिंतीकडे तोंड करून पडली. दत्तारामांनी चहा करून ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यात साखर घालायला विसरले. तो तिने प्यायला नाही.

दुपारी विनीत स्वतः आला, पट्टी न्यायला. पोरं परत यायला तयार नव्हती. दत्तारामांनी त्याला वेशीवर अडवलं आणि शुद्ध भाषेत सांगितलं, "उचलाउचल करायला आत जायचं नाही. कौल झाल्याशिवाय नाही. देवाचा नियम तो नियम."

"अहो, महागडी वस्तू आहे ती! चालू आहे!"

"असू दे. देवचार नेत नाही."

विनीत बसला. गावाने त्याला वाटाण्याची उसळ वाढली, पेज वाढली आणि बायकांनी काकीच्या वळशाची गोष्ट एवढ्या वेळा ऐकवली की शेवटी तो मान खाली घालून उसळ चिवडत राहिला.

उन्हं कलताना कौल झाला. देवाने उजवं फूल दिलं, ढोल वाजला आणि गाव उठून वेशीवर आलं. गुरं मागे, माणसं पुढे, सगळ्यांच्या पुढे दत्ताराम, नवीन धोतर नेसून. त्यांनी देवाला हात जोडले, पाय उचलला. आणि मागे घेतला.

"सुभद्रा," ते म्हणाले, "फुडे हो."

ढोलवाल्याचा हात तसाच राहिला.

"ह्या चलाचा नाय!" भाई ओरडला. "पयला पाऊल मानकऱ्याचा! कोर्टान दिलेला आसा!"

"व्हय. कोर्टान मान माका दिल्यान," दत्ताराम म्हणाले. "माझो मान मी कोणाक दिव, ता माका कोर्ट शिकवचा नाय. आणि सकाळी तो मान ऱ्हवलो कोणामुळे? माझ्यामुळे? हिच्यामुळे. हो गो फुडे."

काकी पुढे आली. छातीवर नंबर तसाच, केस विस्कटलेले. तिने धोंड्यापलीकडे पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला पाय आपसूक धावायला लागले. रिकामा रस्ता, बंद दारं, तीन दिवस न झाडलेली अंगणं, आणि मधून एकटी काकी. मागून ढोल, ढोलामागे गाव, गावातून वाट काढत विनीत. शाळेसमोर काकी पोचली.

पीं.

सगळं गाव दचकून थांबलं. एका म्हातारीने देवचार समजून हात जोडले. विनीतने खिशातून मोबाइल काढला आणि त्यावर आलेली पट्टीची नोंद बघत राहिला.

"काकी," तो म्हणाला, "सगळे पॉइंट झाले. शेवटही वेळेत आहे."

"पण ह्या मधला तिने मागसून केल्यान!" भाई म्हणाला. याला गप्प बसवत नाही.

"क्रमाचा नियम आम्ही लिहिलेला नाही," विनीत म्हणाला आणि धावत गाडीकडे गेला. मेडल त्याने येतानाच आणलं होतं. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

घरी आल्यावर काकी दिवा लावायला वळली आणि मागे खुडबुड ऐकून बघते, तर दत्ताराम स्टुलावर चढून कोर्टाच्या निकालाची फ्रेम उतरवत होते. देवघराशेजारी खिळा एकच. त्यांनी फ्रेम धोतराला पुसली, कपाटात ठेवली आणि मेडल टांगलं. नावाची बाजू पुढे.

सकाळी काकी बूट घालत होती, तर दत्ताराम लुंगी खोचून पायरीवर उभे.

"खंय? भजीपावाक?"

"नाय गो. तो वरचो धोंडो. भाई खोटा बोलता. एकदा फिरान बघूक व्हया."

काकीने बुटाची गाठ मारली. "चला तर. पण फुडे मी."