दत्तारामची काच

मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या दत्ताराम मेस्त्रीच्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत गेलं वर्षभर एकच फोटो आहे. तो खुद्द दत्तारामचा आहे, कवळी काढून हसतानाचा. गालफडं आत गेलेली, हिरड्या उघड्या आणि चेहऱ्यावर समाधान. त्याची बायको नीलम भाजीला जाताना हल्ली पलीकडच्या फुटपाथने जाते. नवं गिऱ्हाईक मात्र हमखास विचारतं, की हे काय आहे. दत्ताराम त्याचीच वाट बघत असतो. स्वतःची फजिती सांगायचा त्याला आता इतका सराव झालाय, की पासपोर्टचे फोटो कापून पाकिटात जाईपर्यंत गोष्ट बरोबर संपते.

गोष्ट सुरू होते त्याच्या शहाणपणापासून. परळची चाळ सोडून तो मीरा रोडला आला त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून त्याची ख्याती एकच, लहान मुलांचे फोटो. कॅमेऱ्यामागून तो असा काही कावळ्याचा आवाज काढायचा, की रडकं पोरही आ वासून बघत राहायचं. डोक्यावर रबरी बदक ठेवून ते पाडायचा. त्यातून जो फोटो फक्कड यायचा, तो आईबापांना विचारून मोठा करायचा आणि काचेत लावायचा. खाली पट्टीवर मुलाचं नाव. काचेत फोटो लागणं म्हणजे मान होता. आया माहेरची माणसं घेऊन बघायला यायच्या. दोन वर्षांत उन्हाने रंग उडाला, की दत्ताराम तो फोटो काढून घरच्यांच्या हाती द्यायचा, आणि विषय संपायचा.

मग मुलगा अथर्व नोकरीसाठी पुण्याला निघाला आणि जाण्याआधी बापाला फोनवर एक पेज काढून देऊन गेला. म्हणाला, बाबा, ही तुमची नवी काच. दत्तारामने ते अक्षरशः मनावर घेतलं. जुन्या काचेतलं एकेक पोर नव्या काचेत गेलं. पट्टीवर नावापुरतीच जागा असायची, इथे जागेला तोटा नव्हता. दत्ताराम स्वतःला थोडाफार लेखकही समजतो. त्यामुळे नाव, लाडाचं नाव, इयत्ता, शाळा, सोसायटी, छंद असं सगळं तो रसाळ भाषेत लिहू लागला. स्वतःच्या एटीएमचा पिन त्याने बायकोला अजून सांगितलेला नाही. लोकांच्या पोरांचे पत्ते मात्र हा गृहस्थ रोज सकाळी चहा पिता पिता जगाला सांगत होता.

रुचिता ही पुढच्याच गल्लीतली. अंधेरीला बँकेत नोकरी. तिची सहा वर्षांची निशिगंधा शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला आली, तेव्हा तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. बदक पडलं आणि पोरगी अशी हसली, की दत्तारामला वाटलं, आपण तीस वर्षं दुकान उघडलं ते या एका फोटोसाठी. काचेत लावू का, असं त्याने विचारलं. रुचिताने आनंदाने हो म्हटलं. पेजबद्दल त्याने विचारलं नाही. काचेची परवानगी मिळाली, त्यात सगळं आलं, असा त्याचा हिशेब.

त्या दिवशी त्याची प्रतिभा ओसंडून वाहत होती. संध्याकाळपर्यंत दोनशे लोकांना फोटो आवडला. दत्तारामने तो आकडा नीलमला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, की पोर त्यांचं, दात तिचे, आणि तुम्ही कशाला फुगताय?

दोन आठवड्यांनी रुचिता दुपारी दुकानात आली. एरवी ती आठच्या आत घरी नसते. तिच्या हातात फोन होता, त्यावर तोच फोटो. काका, हे तुम्ही लिहिलंय का, असं तिने विचारलं. आणि इथे दत्ताराम गोष्ट सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं करतो, कारण तो खुशीत म्हणाला होता, "हो गं. आवडलं?"

रुचिताने फोन डोळ्यांसमोर धरला. ती वाचू लागली, सावकाश, बँकेतल्या कागदासारखं.

"बुंदीची बत्तिशी, दोन कमी! आमची निशिगंधा ऊर्फ बुंदी. पहिली ब. दर मंगळवारी आणि गुरुवारी पाच ते सहा बाजारामागच्या क्लासमध्ये नाचायला जाते. आई ऑफिसात असते, त्यामुळे आजी आणायला येईपर्यंत बुंदीबाई पायरीवर बसून सगळ्यांशी गप्पा मारतात."

मग तिने सांगितलं. काल गुरुवार होता. पायरीपाशी टोपी घातलेला एक माणूस आला. बुंदी, आईने पाठवलंय, चल, असं म्हणाला. दात आले का गं, असंही विचारलं. त्याला आपलं घरातलं नाव ठाऊक, दाताचं ठाऊक, म्हणजे ओळखीचाच, असं समजून पोरगी उठली आणि त्याच्याबरोबर चार पावलं गेलीसुद्धा. क्लास झाडणाऱ्या विमलाबाई दारात होत्या. त्यांनी हाक मारून विचारलं, कोण रे तू? तेव्हा तो गर्दीत शिरला. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. माणूस सापडला नव्हता.

"घरात तिला कोणी बुंदी म्हणायचं नाही, असं ठरवलंय," रुचिता म्हणाली. "आजी विसरून म्हणते, तर ती दचकते."

 चार पावलं हा आकडा दत्तारामला आजही झोपताना आठवतो. आपण वाईट माणूस नाही, हे त्याला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. सगळा तपशील त्याने प्रेमाने लिहिला होता. त्या माणसाला कुणाला काही विचारायची गरजच पडली नव्हती.

त्याने दुकान बंद केलं आणि पेजवरची अकराशे पोरं एकेक करून काढली. तीन दिवस लागले. मग आईबापांना फोन केले. निम्मे म्हणाले, काका, राहू दे की, छान आहेत. इंद्रलोक वसाहतीतला एक बाप तर चिडला, माझ्याच मुलाचा का काढला म्हणून. बुंदीचा फोटो कुणाच्या मावशीने कुठे पुढे धाडला होता, कुणी सुप्रभातच्या संदेशात चिकटवला होता. दत्ताराम अनोळखी माणसांना विनवत राहिला. काहींनी काढला, काहींनी त्यालाच ब्लॉक केलं. त्याची जुनी काच उन्हाने आपोआप फिकी व्हायची. नव्या काचेवर ऊनच पडत नाही, हे साठीच्या माणसाला इतक्या उशिरा कळलं.

दुकानातली काचही त्याने रिकामी केली. रिकामी काच बघवेना, तेव्हा कवळी काढून स्वतःचाच फोटो लावला. खाली नावाची पट्टी नाही.

गेल्या महिन्यात दुसरीच्या ओळखपत्रासाठी रुचिता निशिगंधाला घेऊन आली. दुसरीकडे जाता आलं असतं, तरी इथेच आली, याचं दत्तारामला इतकं वाटलं, की त्याने उगाच दोनदा लेन्स पुसली. पोरगी बराच वेळ काचेसमोर उभी होती.

"तुम्हाला विचारून लावला का?" तिने विचारलं.

"हो. मीच मला विचारलं."

ती स्टुलावर बसली. ओळखपत्राला तोंड मिटूनच लागतं, तसा फोटो झाला. दोन प्रती काढून त्याने तिच्यासमोर कॅमेऱ्यातून तो पुसून दाखवला. तरी ती खाली उतरेना, म्हणून त्याने खिशातून रबरी बदक काढून डोक्यावर ठेवलं आणि पाडलं. निशिगंधा हसली. पुढचे दोन्ही दात आले होते, मोठे, थोडे तिरके. आणि दत्तारामचा हात, जन्माची खोड, कॅमेऱ्याकडे गेला.

तिने तोंड मिटलं.

तो हात त्याने मागे घेतला, बदकही आत ठेवलं, पण मग ती हसली नाही. साडेबाराला शाळेची रिक्षा दुकानावरून जाते. पोरं त्यात खिदळत असतात. दुकान आलं, की निशिगंधा काचेआडच्या दत्तारामकडे बघते आणि ओठ घट्ट धरते, हे त्याने दोन-तीनदा पाहिलं. म्हणून साडेबाराला तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतो. पाठीमागून रिक्षा जाते. काल सगळ्यांच्या आवाजात तिचंही हसू ऐकू आलं, असं त्याला वाटलं. त्याने वळून बघितलं नाही.