नाचणीच्या कुकीज

नाचणी भाजल्याचा वास आला की मला बोरीवलीच्या घरातली ऑक्टोबरमधली ती दुपार आठवते. हार्ट अटॅकनंतर बाबा नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते आणि कुणाशी धड बोलत नव्हते. दिवाळी तोंडावर आलेली, सोसायटीत घरोघरी चकल्या तळल्या जात होत्या, आणि बाबा खिडकीकडे पाठ करून पडून होते. त्यांच्यासाठी मी नाचणी, ओट्स, शिजवलेला लाल भोपळा आणि थोडा गूळ घेऊन कुकीज करायला घेतल्या. मैदा नाही, लोणी नाही. त्या उकाड्यात ओव्हनची धग सोसत नव्हती, तरी मी सारखी त्याचं दार उघडून बघत होते. "अगं, किती वेळा उघडशील?" आई म्हणाली. पण तीही स्वच्छ ओटा परत परत पुसत होती. दोघींचा एक कान आतल्या खोलीकडे होता; बाबांचा श्वास नीट चालू आहे ना, एवढंच आम्ही ऐकत होतो. एकदम पलंग करकरला. आम्ही धावलो, तर बाबा भिंतीला धरून उभे. "काय जळतंय?" त्यांनी विचारलं. खरंच, कुकीज खालून करपल्या होत्या. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी एक उचलली, करपलेला भाग नखाने खरवडला आणि खाल्ली. "यात काय काय नाही ते कळलं. आहे काय ते सांगा," ते म्हणाले. आई घाईघाईने सांगू लागली, नाचणी, ओट्स, आणि भोपळ्यापर्यंत येता येता तिला रडू फुटलं. आता बाबा रोज सकाळी फिरायला जातात, आणि यायला जरा उशीर झाला की मी अजूनही जिन्यात जाऊन उभी राहते.