दिगूच्या वतीने समुद्रात

जयपूरच्या झोटवाड्यात मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण समुद्राच्या तळाशी मांडी घालून बसून आलेला एकटा मीच! आता मांडी हा शब्द जरा जास्त झाला. मांजरीने पिल्लू न्यावं तसं एका पोरीने मला पाठीवरच्या टाकीला धरून खाली नेलं आणि तसंच वर आणलं. पण बसलो होतो, हे खरं. उठता येत नव्हतं म्हणून.

हसू नका. ही गोष्ट मयतीपासून सुरू होते.

दिगंबर आणि मी भुसावळहून एकाच वेळी बदली होऊन जयपूरला आलो, रेल्वेचे डबे दुरुस्त करायला. तो मॅट्रिक पास, मी नववी नापास. साहजिकच अक्कल माझ्याकडे जास्त! साहेबाचा आवाज काढून त्याला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावणं, त्याच्या डब्यात भाकरीच्या जागी गोल कापलेला पुठ्ठा ठेवणं, असली सगळी समाजसेवा मी नेमाने केली. आणि तो गाढव दर वेळी फसायचा. पुठ्ठ्याला तर त्याने चटणीही लावली होती.

म्हातारपणी त्याची फुप्फुसं गेली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातात मोबाइल. आणि मोबाइलवर काय बघायचा? समुद्राखालचे मासे! अंदमानात लोक टाकी बांधून पाण्याखाली जातात ना, ते स्कूबा का काय, तेच दिवसभर.

मी म्हटलं, "दिग्या, मास्क तर लावलाच आहेस. मार उडी!"

तो मास्कच्या आत हसला. हसला आणि खोकला सुटला. नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं. पुन्हा भेटलो ते स्मशानातच.

दहाव्याला आम्ही गलत्याच्या कुंडावर गेलो. जयपुरात कबुतरं मागाल तेवढी, पण कावळा शोधावा लागतो. आणि गलत्याला तर माकडांचं राज्य! मला काठी देऊन माकडं हाकलायला उभं केलं. मंडळी म्हणाली, "तुम्हाला ओळखतात ती."

पिंड मांडला. भिंतीवर एक कावळा आला. बसला. बघत बसला. खाली उतरेना.

"काही राहिलंय का यांच्या मनात?" गुरुजींनी विचारलं.

मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, मी आईला सांभाळीन." कावळा ढिम्म. सुमनवहिनी, म्हणजे दिगूची बायको, म्हणाल्या, "अहो, मी औषधं वेळेवर घेईन." कावळ्याने मान फिरवली. ऊन चढलं. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, तेवढे मात्र भरपूर!

"गुरुजी," मी विचारलं, "कबुतर नाही का चालणार?"

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा पिंड माझाच.

शेवटी मी काठी टाकली, आभाळाकडे तोंड केलं, डोळे घट्ट मिटले आणि आरोळी ठोकली, "दिग्या, तुझी ती समुद्राची हौस राहिली ना? जा, तुझ्या वतीने मी जाऊन येतो तळापर्यंत! आता ये लेका, भूक लागलीय!"

डोळे उघडतो तर काय, कावळा पिंडावर!

बायका रडायला लागल्या. गुरुजींनी चक्क मला नमस्कार केला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, शब्द दिलात हं तुम्ही."

आता सांगा, मला पोहता येत नाही. आंघोळीला मी बादलीसुद्धा अर्धीच भरतो! पण आमच्या महाराष्ट्र मंडळातला जो तो विचारायचा, "कधी निघताय?" घरी बायको म्हणाली, "मतलब साफ आहे. शब्द मोडलात तर ते सुटायचे नाहीत, इथेच येऊन बसतील. मी दोघांना चहा करत बसणार नाही. जा. आणि एकटे जा."

गेलो. मुंडी खाली घालून, एकटा, थेट अंदमान.

पहिल्या बेटावर शिकवणारा पोरगा म्हणाला, "अंकल, मुँह से साँस लेना है। नाक बंद। और बात बिल्कुल नहीं।"

बात बिल्कुल नहीं? मला? गुडघाभर पाण्यात मला वाकवलं, तोंडात नळीचं रबर कोंबलं. मला एक विनोद सुचला. रबर काढून तो सांगितला आणि समुद्र प्यायलो. पुन्हा रबर, पुन्हा विनोद, पुन्हा समुद्र. मग म्हटलं, या पोराची जरा गंमत करू. पाण्यावर पालथा पडलो, अंग सैल सोडलं, मेल्यासारखा. शेजारी एक नवं लग्न झालेलं जोडपं शिकत होतं, त्यातली नवरी किंचाळली. पोरगा धावत आला, मला उलटा करतो तर मी, "भों!"

तो हसला नाही. पांढराफटक पडला होता. "अंकल, यहाँ लोग सच में मरते हैं," म्हणाला, आणि माझी टाकी उतरवली.

दुसऱ्या बेटावर माझी कीर्ती माझ्या आधीच्या बोटीने पोचली होती. त्यांनी नावसुद्धा विचारलं नाही.

तिसऱ्या बेटावर रोझी नावाची बारकीशी पोरगी होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, कावळ्यासकट. मग म्हणाली, "सिखाऊँगी। मज़ाक किया तो छोड़ दूँगी।"

"कहाँ छोडेगी?"

"वहीं। नीचे।"

शिकलो, महाराज! गुपचूप शिकलो. आणि एका सकाळी खाली गेलो. आधी कान दुखले. मग उजेड हिरवा झाला, मग निळा. मग आवाज गेले सगळे. उरला फक्त माझा श्वास. आत घेताना खर्रर्र, सोडताना बुडबुड.

खर्रर्र. हा आवाज मी ऐकला होता. कुठे? दिगूच्या खाटेशेजारी बसून ऐकला होता की!

वाळूवर बसलो आणि माझ्या मास्कमध्ये पाणी साचायला लागलं. रोझीने खूण केली, नाकाने फुंकर मार, पाणी बाहेर जाईल. मारली. पुन्हा साचलं. तिने पुन्हा खूण केली. तिला कसं सांगणार, बाई, हे समुद्राचं नाही? समोर एक पिवळा मासा आला आणि अगदी गुरुजींसारखा बघायला लागला.

म्हटलं, दिगूला दाखवावा. जन्माची खोड हो! तोंड उघडलं आणि मोठ्याने म्हणालो, "दिग्या, हा बघ…"

रबर सुटलं. समुद्र घशात. हात मारतोय, काही हाताला लागत नाही. आयुष्यभर तोंड उघडून निभावलं, आणि आता तोंड उघडलं म्हणूनच चाललो, एवढंच मनात आलं. घाबरलो म्हणजे किती? मला आई आठवली, तिला जाऊन जमाना झाला. रोझीने झेप घेतली, रबर परत तोंडात कोंबलं आणि मला हळूहळू वर आणेपर्यंत तळहाताने तसंच दाबून धरलं.

बोटीत पडल्या पडल्या ओकलो. ती म्हणाली, "नीचे आप बोल किससे रहे थे?"

"दोस्त से."

तिने नावाड्याकडे पाहिलं. मग माझ्या हातात चहा दिला.

जयपूरला उतरलो तो पिशवीसकट थेट वहिनींकडे. त्या मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. शार्कही घातला एक. शेवटी म्हटलं, "वहिनी, शब्द पाळला! सुटला आपला दिगू!"

त्या मेथी निवडत राहिल्या. "भावजी, तो कावळा तुमच्या शब्दाला आला नव्हता."

"म्हणजे?"

"तुम्ही डोळे मिटून आरोळी ठोकत होतात ना, तेव्हा मी पिंडावर कांद्याची कचोरी कुस्करली. ह्यांना आवडायची म्हणून नेली होती पदराआड."

"अहो, मग सांगायचं ना! मेलो असतो मी तिकडे!"

वहिनींनी जुडी खाली ठेवली. डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडून हसल्या की रडल्या कोण जाणे.

"मासे मोबाइलवर पोटभर बघून झाले होते त्यांचे. पण इतकी वर्षं रोज संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, सुमे, एकदा, फक्त एकदा त्याला फसवायचंय मला. तेवढंच राहिलं होतं, भावजी."