जुगाडे नवा लॅपटॉप घेतात

त्यांचं आडनाव जुगाडे नव्हतं. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये सहायक म्हणून उभी हयात काढलेल्या या गृहस्थांना हे आडनाव विद्यार्थ्यांनी बहाल केलं, आणि ते असं चिकटलं की एकदा भर सभेत प्राचार्यसुद्धा "आमचे जुगाडे" म्हणून गेले. बंद पडलेल्या दोन मशिनांमधून एक चालू मशीन उभं करायचं, त्यात लिनक्स टाकायचं, ते सुरू झालं की कपाळ पुसत पुढच्या टेबलाकडे वळायचं, हे त्यांचं काम. लिनक्स म्हणजे कम्प्युटर चालवणारी फुकटातली सिस्टीम. महागड्या सिस्टीमपुढे जे मशीन धापा टाकतं, तेही लिनक्स टाकल्यावर उठून कामाला लागतं. जुगाड्यांचा तिच्यावर भारी जीव होता.

घरी आल्यावरही सुटका नव्हती. मेहुण्याचा लॅपटॉप, साडूच्या मुलीचा लॅपटॉप, खालच्या मजल्यावरच्या वकिलाचा चहा सांडलेला लॅपटॉप, सगळे त्यांच्या दारात. "जरा बघा ना, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम," असं म्हणून माणसं निघून जायची आणि ती पाच मिनिटं जुगाड्यांच्या रविवारचा फडशा पाडायची. ते फार दमत. जिना चढून आलं की बूट काढायच्या आधी खुर्चीत बसत, आणि हातातली पिशवी खाली ठेवायचीही आठवण राहत नसे.

अशा माणसाने आयुष्यात एकही कम्प्युटर नवाकोरा विकत घेतलेला नव्हता. घ्यायची वेळ आली ती बायकोमुळे.

बायको बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, सगळं गाव तिच्याकडून ऐकायचं. घरीही तोच दणका. आणि बऱ्याच वर्षांपूर्वी नेमकं तिलाच ऐकू येईनासं झालं. आधी उजव्या कानाने, मग डाव्याने. डॉक्टरांनी यंत्रं लावून पाहिली, पण दोष आतल्या नसेत, तिथे यंत्राचं काही चालेना. ओठांवरून तिला थोडंफार कळे. जुगाड्यांच्या ओठांवरून काहीच कळत नसे, कारण मध्ये मिशी होती. मिशी काढा म्हणून तिने सांगून पाहिलं, तेव्हा ते चिडले. आणि दुसऱ्या दिवशी काढून आले. तरी फारसं कळेना. ते तोंडातल्या तोंडात बोलणारे, त्याला मिशी काय करणार?

मग त्यांनी जुगाड केला. समोरचा बोलेल ते ऐकून त्याची अक्षरं पडद्यावर उमटवणारा एक प्रोग्रॅम लिनक्सवर फुकट मिळत होता. तसं ते काम फोनसुद्धा करतो, पण त्यासाठी आपलं बोलणं आधी नेटवरून दूर कुठेतरी पाठवावं लागतं. बायकोने साफ सांगितलं, "आपल्या घरातली बोलणी बाहेर कुठे जाता कामा नयेत." तेव्हा जे काही व्हायचं ते घरातल्या मशिनातच. कॉलेजने भंगारात काढलेला एक लॅपटॉप जुगाड्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला, त्याला माइक जोडला आणि प्रोग्रॅम सुरू केला. अक्षरं उमटली. बायकोने वाचलं, मान डोलावली आणि म्हणाली, "छान आहे हो!"

छान कसलं? त्या प्रोग्रॅमचे दोन प्रकार होते. छोटा प्रकार झटपट लिहायचा, पण मनाला येईल ते. मोठा प्रकार अचूक लिहायचा, पण त्याला ताकदीचं मशीन हवं. भंगारातल्या लॅपटॉपवर तो एकेक वाक्य इतक्या संथपणे काढायचा की सुट्टीत घरी आलेल्या मुलीने ऑफिसातला किस्सा सांगावा, बापाने हसावं, बोलणं भाजीत मीठ कमी आहे यावर यावं, आणि तेव्हा कुठे पडद्यावर किस्सा उतरावा. मग बायको हसायची. एकटीच. मुलगी आणि बाप एकमेकांकडे बघून पुन्हा हसल्यासारखं करायचे. हळूहळू बायको त्या पडद्याकडे बघेनाशी झाली. ताटाकडे बघून जेवायची आणि आपलं आटोपलं की उठायची. जिच्या बडबडीने भिंती हलायच्या ती बाई घरात पाहुण्यासारखी वावरू लागली.

म्हणून लॅपटॉप घ्यायचं ठरलं. चांगला, त्या प्रोग्रॅमला झेपेल असा.

आता जन्मभर जुन्यावर भागवलेल्या माणसाने ठरवलं म्हणून त्याचा हात लगेच सैल होतो असं नाही. जुगाड्यांनी संध्याकाळमागून संध्याकाळ इंटरनेटवरच्या चर्चा वाचल्या. कुठल्या लॅपटॉपची वायफायची चिप लिनक्सशी जुळते, कुठल्याचं झाकण मिटलं की तो झोपतो पण पुन्हा उठत नाही, मेमरी वाढवता येते की कंपनीने ती चिकटवूनच टाकली आहे. लोक एकेका स्क्रूवरून हातघाईवर आले होते. खरा प्रश्न एकच होता. मोठा प्रकार वेगाने चालवायचा तर वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. ते असलेले लॅपटॉप महाग, जड आणि पंख्याने घोंघावणारे. ते नसलेले वापरलेले लॅपटॉप भक्कम, आटोपशीर आणि लिनक्सला मानवणारे. वाचून वाचून डोळे दुखले तेव्हा जुगाड्यांनी स्वतःची समजूत घातली: वापरलेलाच घ्यावा, मेमरी वाढवावी. थोडा उशीर लागेल, पण भंगारातल्यापेक्षा बरा. लागू दे, तेवढ्याने काय होतं?

दुकानात ते शनिवारी दुपारी गेले. काउंटरवर चष्मा लावलेली एक तरुण मुलगी होती आणि आत दुकानदार जांभया देत बसला होता. जुगाड्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात दोन पेनड्राइव्ह कायम लटकलेले असत. दोन्ही काळे, एकाच कार्यक्रमात फुकट मिळालेले. एकातलं लिनक्स नुसतं चाखून बघायचं: पेनड्राइव्ह लावा, मशीन सुरू करा, सगळं तपासा, काढून घ्या, मशिनाला धक्का नाही. बोलणं लिहिणारा तो प्रोग्रॅमही जुगाड्यांनी त्यातच भरून ठेवला होता. दुसरा लॅबचा. लॅबमधल्या ढीगभर मशिनांपुढे बसून दर वेळी प्रश्नांना हो, हो म्हणायचा कंटाळा येऊन जुगाड्यांनी तो असा बनवला होता की तो काही म्हणजे काही विचारत नसे. लावला आणि मशीन सुरू केलं की आधीचं सगळं पुसून सरळ आपलं लिनक्स टाकून मोकळा. त्याच्यावर त्यांनी पांढऱ्या शाईचा ठिपका दिला होता. खिशातल्या किल्ल्यांनी तो कधीच घासून काढला होता, पण जुगाड्यांना हाताच्या अंदाजाने कळायचं. नेहमीच कळायचं.

वापरलेल्या लॅपटॉपला त्यांनी पहिला पेनड्राइव्ह लावला. वायफाय लागलं. झाकण मिटून उघडलं, उठला. आवाज आला. मग त्यांनी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "ताई, जरा काहीतरी बोला."

"काय बोलू काका?"

थोड्या वेळाने पडद्यावर उमटलं, काय बोलू काका. भंगारातल्यापेक्षा खूप लवकर. पण लगेच म्हणता येणार नाही. जुगाड्यांनी मान हलवली. "ठीक आहे. हाच बांधा."

तिथेच पैसे देऊन बाहेर पडते तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण शेजारच्या फळीवर तो दुसरा उभा होता. काळा, जाडजूड, ग्राफिक्स कार्डवाला. काउंटरवरची मुलगी पावती करायला आत गेली तेवढ्यात जुगाड्यांना वाटलं, घ्यायचा नाहीच आहे, पण बघायला काय हरकत आहे? किती वेगाने लिहितो ते नुसतं बघावं. त्यांनी दुकानदाराला खुणेने विचारलं, त्याने जांभई देता देता मान हलवली, आणि जुगाड्यांनी जुडग्यातला पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं.

पडदा काळा झाला आणि पांढऱ्या ओळी धावू लागल्या. चाखायच्या लिनक्सच्या ओळी अशा दिसत नाहीत, हे जुगाड्यांच्या लक्षात यायला लागला तो एक श्वास. पाचावर धारण बसली. त्यांनी बटण दाबून धरलं, पेनड्राइव्ह उपटला. लॅबमधल्या खटाऱ्यांवर एवढ्यात काही झालं नसतं. पण हे मशीन दमदार होतं, त्यामुळे त्याने पुसायचं कामही दमदारपणे उरकलं होतं.

"अहो, हे काय झालं?" दुकानदाराची झोप उडाली.

"माझ्याकडून पुसलं गेलं."

"काय पुसलं?"

"सगळंच."

जुगाडे म्हणाले, मी परत टाकून देतो. दुकानदार म्हणाला, कंपनीने भरून दिलेली सिस्टीम तुम्ही कुठून आणणार? उद्या कंपनीचा माणूस आला तर त्याला काय सांगू? हा आता मी कुणाला नवा म्हणून विकू? तो आरडाओरडा करत नव्हता, खरंच विचारत होता, आणि तेच जुगाड्यांना झेपेना. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून चुकून एक फाइल गेली नव्हती. पाय दुखत होते, मुलगी पावती हातात धरून उभी होती.

"हाच द्या," ते म्हणाले. "तो राहू दे."

घरी बायकोने खोकं उघडलं. नवी वस्तू, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच. तिने हात फिरवला. "हा कुठला आणलात? तुम्ही तर जुना घेणार होतात ना?"

जुगाड्यांनी कागदावर लिहून दाखवलं: तुझ्यासाठी मुद्दाम निवडून घेतला.

बायकोने तो कागद वाचला. संध्याकाळी ती खालच्या मजल्यावर जाऊन वकिलीणबाईंना सांगून आली, आणि सांगितलं तेही बसस्थानकाच्या आवाजात, त्यामुळे जुगाड्यांना घरात बसून ऐकू आलं. "माझ्यासाठी निवडून घेतला म्हणाले. जन्मात कधी नवं घेतलं नाही या माणसाने!" जुगाड्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटे, आणि रोज ते दमून येत आणि राहून जाई.

पुढच्या सुट्टीत मुलगी आली. जुगाड्यांनी जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप मांडला, माइक लावला, मोठा प्रकार सुरू केला. बायको अजून स्वयंपाकघरात होती. मुलगी म्हणाली, "बाबा, दुकानातला तो घोटाळा आईला सांगितलात का?" मुलीला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं होतं, कुणाला तरी सांगणं भाग होतं म्हणून.

"कसलं काय," जुगाडे म्हणाले, आणि बायको पोळ्या घेऊन येऊन समोर बसली तरी तसेच बोलत राहिले. घरात बऱ्याच वर्षांची ती सवयच होती. तिच्यादेखत, तिच्याबद्दल, खुशाल. "नाही सांगितलं. चुकून पुसला म्हणून घ्यावा लागला हे तिला कशाला सांगायचं? तिला वाटतंय मी निवडला. वाटू दे. तू पण बोलू नकोस."

"काय चुकून पुसला?" बायको म्हणाली.

दोघांचे घास हातात राहिले. जुगाडे "बोलू नकोस" म्हणाले त्याला अजून दम टाकायचाही वेळ झाला नव्हता. बायको पडद्याकडे बघत होती. तिथे सगळं लिहिलेलं होतं, स्वल्पविरामासकट.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हता घेतलात."

"अगं, तसं नाही..."

"तसं नाही तर कसं?" तिने वाचून लगेच विचारलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्या घरात शब्दाला शब्द लागला होता. मुलगी बघतच राहिली.

जुगाड्यांना थाप मारायची सोयच नव्हती. जे म्हणतील ते समोर छापून येत होतं. ते कसंबसं म्हणाले, "दुसराच घेणार होतो. वापरलेला. जरा उशिरा लिहायचा तो. मला वाटलं, तेवढ्याने काय होतं. तू काय, छानच म्हणाली असतीस."

"हो," बायको म्हणाली. "म्हणाले असते. तो भंगारातला आणलात तेव्हाही म्हणाले. त्याच्या आधी ती दारावरची बेल वाजली की दिवा लागायची तार जोडलीत, तेव्हाही म्हणाले. काही उपयोग नव्हता त्याचा. एकाचाही नव्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता. पोळ्यांचा डबा तिने मुलीकडे सरकवला. जुगाडे पडद्याकडे बघायचं विसरून तिच्याकडे बघत होते. त्यांना एकदम सगळे रविवार आठवले, टेबलाखाली वाकून जोडलेल्या तारा आठवल्या.

"मग सांगायचं नाहीस का?" ते ओरडले. "एकदा तरी! इतकी वर्षं छान आहे, छान आहे म्हणत राहिलीस?"

तिने ते वाचलं आणि त्यांचं ताट पुढे ओढून त्यात भाजी वाढली.

"कसं सांगणार हो? किती दमून यायचात तुम्ही."