त्यांच्या नावावरची ओळ

मी कामाला लागले तेव्हा आमच्या टीममध्ये एक रिवाज होता, सरांनी पाडलेला. नवीन आलेल्या माणसाने पहिले सहा महिने जो काही कोड लिहायचा तो सरांनी वाचायचा, आणि तो सरांच्याच नावावर जमा व्हायचा. कोडच्या प्रत्येक ओळीची नोंद राहते, कोणी लिहिली आणि कधी. त्या नोंदीत नवख्याचं नाव येऊच द्यायचं नाही. "वाट लागली तर शिव्या मला पडू दे," सर म्हणायचे. "तू आधी शीक. शिव्या खायला पुढे आख्खं आयुष्य पडलंय."

सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने इंजिनियर. पन्नाशीला टेकलेले, राहायला मुलुंडला, ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर विकते. लॅबमधली माणसं त्यात आपापले नियम लिहितात. हिमोग्लोबिन अमुकच्या खाली गेलं तर डॉक्टरला कळवा, नमुना दोन दिवस जुना असेल तर पुन्हा मागवा, असले. हे नियम लिहिण्यासाठी सरांनी एक छोटी भाषा बनवली होती. तिचा कंपायलर, म्हणजे ते नियम वाचून मशीनला चालेल असा प्रोग्राम करून देणारा भाग, त्यांनी जवळजवळ एकहाती लिहिला होता. मी आले तेव्हा ते सहा वर्षं त्याच्यावर होते.

लॅबमधली माणसं घाईत असतात. हा आकडा, ही तारीख, हे पेशंटचं नाव, असं ती कधी सांगत बसत नाहीत. ते कंपायलरने वापरावरून ओळखायचं. याला टाइप इन्फरन्स म्हणतात. सरांनी मला ते पहिल्याच आठवड्यात समजावलं.

"लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी माणूस दिसला, तर तो मुलाकडचा की मुलीकडचा, कसं ओळखतेस?"

"कुणाशी बोलतोय ते बघून."

"तोही अनोळखी निघाला तर? मग तो कुणाशी बोलतोय ते बघायचं. पुन्हा हॉलमध्ये एक फेरी मारायची. नवीन काही कळायचं थांबलं की आपण थांबायचं. बस, एवढंच आहे ते. बाकी सगळं पुस्तकवाल्यांनी अवघड करून ठेवलंय."

सरांचा कंपायलर अशाच फेऱ्या मारायचा आणि कळलेलं एका यादीत टिपत जायचा. तिसऱ्या महिन्यात मी त्यात एक ओळ घातली. यादी एकीकडे वाचली जात होती आणि त्याच वेळी दुसरीकडे बदलली जात होती, त्यामुळे मधूनच चुकीचं उत्तर यायचं. मी घाबरून काय केलं, तर नवीन काही कळलं रे कळलं की आख्ख्या यादीची ताजी प्रत काढायची आणि त्या प्रतीवर काम करायचं. वाण्याच्या यादीत एक जिन्नस वाढला म्हणून सगळी यादी नव्या कागदावर उतरवून काढावी, तसला प्रकार. पण तेव्हा लॅब छोट्या होत्या, नियम शे-दीडशे. कुणाला फरक जाणवला नाही. सरांनी ओळ वाचली, "चालेल" म्हणाले, आणि ती त्यांच्या नावावर गेली. पुढे वर्षभरात त्यांनी ती मूळ गोची दुसऱ्या बाजूने दुरुस्त केली. माझ्या ओळीची गरज संपली, ओळ मात्र तिथेच राहिली. मी तर ती विसरूनही गेले.

सहा वर्षांनी लॅबची एक मोठी साखळी आमच्याकडे आली. तिचे नियम हजारोंनी होते. त्यांच्याकडे कुणी एक नियम बदलला तरी कंपायलर चाळीस मिनिटं घ्यायचा, आणि तोवर ती माणसं हातावर हात ठेवून बसायची. तक्रारी वरपर्यंत गेल्या.

आमचा मॅनेजर माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच घाटकोपरचा. सकाळी बरेचदा मेट्रोत सोबत असायचा. एक दिवस त्याने तिथेच विषय काढला.

"टाइप इन्फरन्स नव्याने लिहून काढ ना यार. फेऱ्याबिऱ्या नकोत. एका दमात झालं पाहिजे."

"आणि सर?"

"अगं, एक कंपायलर सांभाळायला दोन माणसं नकोत, वरून स्पष्ट आलंय. तुझं नवीन फास्ट निघालं तर तू लीड, आणि सरांना जावं लागेल. जुनंच बरं निघालं तर सर राहतील, तुला दुसऱ्या टीममध्ये टाकतील. त्यांना रिटायर व्हायला चार वर्षं आहेत, मला माहितीय. माझ्याकडे अशी बघू नकोस. मी नाही ठरवलं."

मी नाही म्हटलं नाही. मला लीड व्हायचं होतं. सहा वर्षं कुठल्याही मीटिंगमध्ये गेलं की लोक माझं ऐकून घ्यायचे आणि मग सरांकडे बघायचे. त्याचा मला वीट आला होता. सर भले होते म्हणून वीट यायचा थांबत नाही.

तीन महिने मी नवीन टाइप इन्फरन्स लिहीत होते. सर सगळं जाणून होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण अडले की जायचे मात्र त्यांच्याकडेच. ते खुर्ची ओढून द्यायचे, स्टीलच्या डब्यातला चिवडा पुढे करायचे आणि माझा कोड वाचायचे. "तारखांचं बघ," एकदा म्हणाले. "लॅबवाले तारखेतून तारीख वजा करतात, मग उत्तर दिवसांत येतं. तिथे तुझं एका दमात भागणार नाही." तसंच निघालं. आपल्याच जागेवर येणाऱ्या माणसाला कुणी इतकं मन लावून शिकवतं का? मला त्यांचा राग यायचा. जरा वाकडे वागले असते तर मला सोपं गेलं असतं.

नवीन तयार झालं. मोठ्या साखळीचे सगळे नियम त्याला घातले, अकरा मिनिटं लागली. मेमरी जुन्याच्या दुप्पट खात होतं, पण चाळीसची अकरा झाल्यावर मेमरीकडे कोण बघतं? मॅनेजर खूश. म्हणाला, "झकास. आता एक रिपोर्ट बनव. जुनं का स्लो होतं तेवढं दाखव, म्हणजे वर प्रश्न येणार नाहीत."

रिपोर्टसाठी म्हणून मी एका शनिवारी दुपारी ऑफिसला गेले. मजल्यावर कुणी नव्हतं, एसी बंद होता. जुना कंपायलर चालवून त्याचा वेळ कुठे कुठे जातो ते मोजायला लावलं. माझी खात्री होती की वेळ त्या फेऱ्यांत जात असणार. इतके दिवस सगळ्यांना मी तेच सांगत आले होते. निघालं भलतंच. फेऱ्यांना जेमतेम काही मिनिटं लागत होती. बाकी सगळा वेळ यादीच्या प्रती काढण्यात जात होता, आणि तो एकाच ओळीत. नोंद उघडली तर समोर सरांचं नाव. क्षणभर मला बरं वाटलं, हे कबूल करते. मग तारीख पाहिली. ओळीच्या वर एक टीप होती, 'सुरक्षिततेसाठी प्रत'. ती वाचली. ते शब्द माझे होते.

ती ओळ काढून टाकली आणि जुना कंपायलर पुन्हा चालवला. नऊ मिनिटं. काहीतरी चुकलं असेल म्हणून मशीन बंद करून परत चालू केलं, पुन्हा चालवला. नऊ. तिसऱ्यांदा चालवला, उत्तरं एकेक ताडून पाहिली. सगळी बरोबर, नऊ मिनिटं, आणि मेमरी निम्मी. तीन महिने खपून मी जे उभं केलं होतं त्याच्यापेक्षा सरांचं बारा वर्षांचं जुनं दोन मिनिटांनी पुढे होतं. त्याच्या पायात धोंडा अडकवला होता तो मी.

मी तिथे तासभर बसून होते. काय करायचं ते मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं, उरलेला वेळ ते न करण्याची कारणं शोधण्यात गेला. नवीन कोड वाचायला सोपा आहे. पुढे कधीतरी आणखी वेगवान करता येईल. मी नाही केलं तरी कंपनी कुणाला ना कुणाला काढणारच. शेवटी ओळ होती तिथे परत ठेवली, नऊ मिनिटांची मोजणी पुसून टाकली आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: 'माहितीच्या प्रती काढण्यात वेळ जातो. ही जुन्या बांधणीची मर्यादा आहे.' पहिलं वाक्य खरं होतं.

मंगळवारी मीटिंग झाली. वरचे दोघं होते, मॅनेजर, सर आणि मी. मॅनेजरने उत्साहाच्या भरात ती ओळच पडद्यावर लावली आणि शेजारची नोंदही उघडली. सरांचं नाव भिंतीएवढं दिसत होतं.

"सर, ही तुमची ना?" वरच्यांपैकी एकाने विचारलं.

सरांनी चष्मा वर करून ओळ वाचली, टीप वाचली. मी टेबलाकडे बघत होते. ते माझ्याकडे बघतील असं वाटत होतं, पण त्यांनी बघितलं नाही.

"हो," ते म्हणाले. "माझीच."

तोंड उघडायला तेवढीच वेळ होती, आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सरांना कोड उघडायची परवानगी बंद झाली. महिनाभर त्यांनी नुसती माहिती लिहून द्यायची होती. ती त्यांनी साठ पानं लिहून दिली, सुवाच्य, माझ्या नावे. मॅनेजर मला खाजगीत म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला, त्यांनी स्वतःच मान्य केलं. शेवटच्या दिवशी केक आणला होता. सरांनी सगळ्यांना कापून दिला, डबा पिशवीत टाकला आणि रिक्षा पकडली. मी लीड झाले.

चार महिन्यांनी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. जाण्याआधी आठ दिवस घोकत होते, सगळं सांगायचं. वहिनींनी दार उघडलं. आत बसवलं, चहा टाकला. त्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, ते बघवत नव्हतं. सर वाळले होते. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या, म्हणाले, मुलाखत घेणारी मुलं चांगली होती, पण मी आत गेल्यावर वडीलधारं कुणी आल्यासारखी उठून उभीच राहिली, काम मिळणार नाही ते तेव्हाच कळलं.

वहिनी आत गेल्या तेव्हा मी म्हटलं, "सर, ती ओळ माझी होती."

"माहितीये गं. टीप वाचल्याबरोबर आठवलं. पण वाचून पुढे पाठवली कोणी? मी. मला तेव्हाच दिसायला हवं होतं. नाव माझंच बरोबर आहे."

माझं निम्मं ओझं उतरलं, आणि निम्म्यावरच मी खूश झाले. उरलेलं आता सहज सांगता येईल असं वाटलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"एक सांग. ती ओळ काढून जुनं चालवून पाहिलंस का कधी?"

मी कप उचलला.

"आता माझ्याकडे कोड नाही, नाहीतर मीच बघितलं असतं," ते म्हणाले. "घरी बसलो की तेच डोक्यात फिरतं. एक ओळ चुकली असेल तर चुकली, माणूस आहे. पण मुळात ती बांधणीच जड होती का? बारा वर्षं मी चुकीचंच बांधत बसलो होतो का? तेवढं कळलं तरी पुरे. मग परत कुठे काही करायचं की नाही ते ठरवता येईल."

मला एक आकडा सांगायचा होता. पण तो सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला होता, कधी कळलं. मीटिंगच्या आधी की नंतर.

"पाहिलं होतं," मी म्हटलं. "फारसा फरक नाही पडला, सर. बांधणीच जड होती."

त्यांनी मान हलवली. मग चहा निवतोय म्हणाले, माझ्या बशीत दोन बिस्किटं ठेवली.

"बरं झालं तू सांगितलंस," ते म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर माझं मन राखायला खोटं बोललं असतं."