वाटेवरची टोपी

तिला सगळे 'शेपूट' म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक जण चालतो. शेवटचा धावणारा पुढे सरकला की झाडाझुडपांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडायच्या, पडलेला कचरा उचलायचा, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं, असं ते काम. एरवी ती कपडे शिवायची. बाजारामागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावर तिची एक खोली होती. खिडकीशी मशीन, दारामागे अर्धवट शिवलेले झगे, आणि मशीनखालच्या खोक्यात नारंगी चिंध्या. शर्यतीच्या फिती त्याच चिंध्यांतून निघत.

आता डोंगरात हिंडणारी बाई म्हणजे मोठी धीट असणार, असं कोणालाही वाटेल. छे! इतकी भित्री बाई शोधून सापडायची नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत यायची. अवेळी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. नवरा गेल्यावर तर ती घराबाहेर पडेनाशीच झाली. शेवटी लेकीने एक दिवस हाताला धरून तिला धावणाऱ्यांच्या गटात नेऊन सोडलं. तिथे तिला एक शोध लागला. पुढे कोणाची तरी पाठ दिसत असली की तिचा जीव भांड्यात पडे. मग डोंगर असो नाहीतर दरी. शेपटीचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं ते त्यासाठीच.

लेक अगदी उलट. कुरिअरची गाडी चालवायची, बोलायचीही गाडी चालवल्यासारखीच, आणि शर्यतीत कायम पहिल्या चौघींत. शर्यतीच्या आदल्या दिवशी आईचं प्रवचन ठरलेलं असे.

"धुकं आलं आणि फीत दिसेनाशी झाली, तर पुढे एक पाऊल टाकायचं नाही. शेवटची फीत पाहिली असशील तिथे परत जायचं. कळलं?"

"हो गं आई. तुझं ऐकत बसले असते ना, तर अजून पाळण्यातच असते."

यंदा आई टोपीत टाके घालत होती. आयोजकांनी सगळ्यांना एकसारख्या पांढऱ्या टोप्या वाटल्या होत्या आणि लेकीचं डोकं लहान. पांढरा दोरा संपला होता, म्हणून तिने आतून हिरव्या दोऱ्याने चुणी घातली. "हिरवा?" लेक म्हणाली. "आतून कोण बघतंय," आई म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी दुपारनंतर खरोखरच धुकं उतरलं. शेपूट आपली नेहमीसारखी मागे. तिच्यापुढे बँकेतले एक लठ्ठ गृहस्थ धापा टाकत चालले होते. त्यांना तिने ओढ्यापाशीच विचारलं होतं, "मागे कोणी आहे का हो?" "माझ्यामागे कोण असणार बाई," ते म्हणाले होते. त्यांची घामाने भिजलेली पाठ बघत ती निवांत चालली होती. फीत सोडायची, पिशवीत टाकायची, पुढे. खिंडीच्या अलीकडे काटेरी झुडपात एक पांढरी टोपी अडकली होती. वाऱ्याने कोणाची तरी उडाली असणार. तिने ती काढून रिकाम्या बाटल्यांबरोबर पिशवीत कोंबली.

या धावणाऱ्यांत एक रीत आहे. पोट बिघडलं, आडोशाला जावं लागलं, तर वाटेवर आपली काठी रोवून जायची. काठी नसेल तर काहीतरी वस्तू ठेवून वर दगड ठेवायचा. म्हणजे शेपूट थांबते. शेपटीला ही रीत तोंडपाठ होती. पण त्या टोपीवर दगड नव्हता.

खिंडीपलीकडच्या चेकपॉइंटवर ताडपत्रीखाली एक निवृत्त ट्रकचालक वॉकीटॉकी घेऊन बसला होता. गृहस्थांना पाणी देऊन तो म्हणाला, "ताई, एक जण कमी भरतोय. तुम्हाला दिसलं कोणी?"

"नाही बाई. मी तर वाट झाडून आणली."

"मग धुक्यात माझ्याच समोरून सटकला असेल कोणी."

तिने कचरा काढायला पिशवी उलटी केली. बाटल्या पडल्या, नारंगी फितींचा ढीग पडला आणि त्यावर टोपी पडली, उताणी. आतून हिरवे टाके.

काय झालं ते तिला क्षणात कळलं. लेकीचं पोट सकाळपासूनच बिघडलं असणार, म्हणून पहिल्या चौघींतली ती इतकी मागे पडली असणार, घाईत टोपी ठेवून कड्याच्या आडोशाला गेली असणार, दगड ठेवायला सुचलं नसणार. आणि तिची सख्खी आई टोपी उचलून, एकेक फीत सोडत पुढे निघून आली होती. पण खरी भीती त्याच्याही पुढची होती. लेक वाटेवर परत आली असेल. फीत दिसली नसेल. आणि आईने वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं तिला आठवलं असेल, तर ती शेवटची फीत शोधायला मागे वळली असेल. मागे एकही फीत नव्हती. ती मागे मागेच जात राहिली असती, थेट जुन्या खाणीच्या फाट्यापर्यंत. तिथे डावीकडची वाट सरळ खोल कपारीत उतरते, आणि चांगल्या उजेडातही फीत नसेल तर माणूस चुकतो.

"देवा," ती मोठ्याने म्हणाली, "आज तरी तिने माझं ऐकलेलं नसू दे."

"खालून माणसं निघालीत ताई, तासाभरात येतील, तुम्ही बसा," ट्रकचालक म्हणत होता, तोवर तिने फिती ओंजळीने पिशवीत भरल्या होत्या. त्याने आपली शिट्टी तिच्या गळ्यात अडकवली.

खिंड तिने शेकडो वेळा पार केली होती, पण पुढे पाठ नसताना कधीच नाही. आता पुढे नुसतं धुकं होतं. प्रत्येक दगड बसलेल्या माणसासारखा दिसे, आणि जवळ गेलं की दगडच निघे. मनात नको नको ते येत होतं. ती एक फीत बांधायची, शिट्टी वाजवायची, श्वास रोखून ऐकायची. काही नाही. पुन्हा फीत. कपडे शिवणारे हात, पण साधी गाठ बसेना. जिथे टोपी सापडली होती तिथे तिने लेकीच्या नावाने हाका मारल्या. आवाज धुक्यात विरला. म्हणजे लेक इथे नव्हती. मागेच गेली होती.

ऐकलं होतं तर. बावीस वर्षांत पहिल्यांदा कार्टीने आईचं ऐकलं होतं.

त्यानंतर ती रडत रडतच, फिती बांधत पळाली. फाट्यावर पोचली तेव्हा डावीकडच्या वाटेवर ओल्या मातीत बुटांचे ताजे ठसे होते. तिने शिट्टी फुंकली. आणि खालून, अगदी खालून नाही, पण कपारीच्या तोंडाजवळून, बारीक आवाज आला.

"आई?"

लेक एका झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बसली होती. गुडघा फुटलेला, ओठ पांढरे. पलीकडे हातभर जमीन होती आणि मग काही नव्हतं.

"तू सांगितलंस तसंच केलं गं," ती हुंदके देत म्हणाली. "मागे मागे गेले. इथे फीत होती, मी पाहिली होती! मग गेली कुठे? मला वाटलं, डोकं फिरलं माझं."

"डोकं ठीक आहे तुझं. फिती मी सोडल्या. टोपीही मीच उचलली." तिने कमरेला खोचलेली टोपी काढून लेकीच्या डोक्यावर घातली. आईला वाटलं, आता ही तोंड सोडणार. पण लेकीने फक्त तिचा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

फाट्यावर पोचल्यावर आई सवयीने बाजूला झाली. "चल, हो पुढे. मी आहे मागे."

"नको," लेक म्हणाली. तिचे दात अजून वाजत होते. "तू हो पुढे. मला तुझी पाठ दिसू दे."

पुढे धुकं तसंच होतं. आईने पाठ ताठ केली, पहिली नारंगी फीत शोधली आणि चालू लागली. एकही फीत तिने सोडली नाही.